विनवणी : पवित्र शास्त्रांतील एका शब्दाचा अर्थ

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं सायंप्रार्थना आटोपल्यावर वसतिगृहांतील एक विद्यार्थी मागें राहिला. त्याचे वडील गांवीं फार आजारी होते. आठ दिवस वसतिगृहांतील सर्व मुलांनीं त्यांच्यासाठीं प्रार्थना केली होती, आणि नवव्या दिवशीं त्यांच्या निधनाची वार्ता आली होती. घरून परत आलेल्या त्या मुलानें आम्हांस विचारलें, "सर, आम्हीं नीट विनवलें नाहीं काय?" त्याच्या खांद्यावर हात ठेवण्यापलीकडे त्या वेळीं आमच्याकडून कांहीं झालें नाहीं. पुढें ह्या वार्षिकासाठीं लेख लिहावयाचें ठरलें, तेव्हां दुसरा विषय मनांत येईना. विनवणी नीट होणें किंवा न होणें म्हणजे काय? ख्रिस्ती माणूस देवास विनवितो, तेव्हां तो नेमकें काय करीत असतो? आमच्या वाचकांत निरनिराळ्या धर्मांचीं कुटुंबें आहेत. पवित्र शास्त्रांतील कथा सर्वांच्या परिचयाच्या असतीलच असें नाहीं. म्हणून त्या येथें थोड्या विस्तारानें सांगितल्या आहेत.

प्रथम शब्दाकडे पाहूं. आपल्या मराठींत मागण्याच्या अनेक पायऱ्या आहेत. फी-माफीसाठीं आपण अर्ज करतों. अर्ज कारकुनाच्या हातीं दिला कीं अर्जदार घरीं जाण्यास मोकळा होतो. विनवणीचें तसें नाहीं. विनवणी करावयास माणसास स्वतः समोर उभें राहावें लागतें, आणि नकार आला तर तो तोंडावर घ्यावा लागतो. तिच्याहीपुढें काकुळती आहे, पदर पसरणें आहे, दांतीं तृण धरणें आहे. जुना करार ज्या इब्री भाषेंत लिहिला गेला, तींत विनवणीचा एक शब्द 'कृपा' ह्या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. म्हणजे ज्यावर आपला हक्क नाहीं तें मागणें. परंतु त्याच ग्रंथांत दुसराही एक शब्द वारंवार येतो, आणि तो न्यायालयांतला आहे : वाद मांडणें, फिर्याद चालविणें. भिकारी वाद घालीत नाहीं आणि वकील भीक मागत नाहीं, असा जगाचा रिवाज आहे. पवित्र शास्त्रांतील मोठमोठीं माणसें मात्र देवापुढें हीं दोन्हीं कामें एकदमच करितांना दिसतात.

नव्या करारांतील इब्री लोकांस पाठविलेल्या पत्रांत प्रभु येशूच्या विनवण्यांस जो ग्रीक शब्द लाविला आहे, त्याचा मूळ अर्थ मोठा चित्रमय आहे. शरण येणारा मनुष्य लोंकर गुंडाळलेली जैतुनाची फांदी हातांत धरून येत असे. त्या फांदीचें तें नांव. आपल्याकडील दांतीं धरलेलें तृण आणि ही फांदी हीं एकाच कुळांतलीं खरीं.

आतां उत्पत्ति ह्या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायांतील अब्राहामाची कथा घेऊं. सदोम व गमोरा ह्या नगरांचें पाप फार वाढलें असून त्यांचा निवाडा होणार आहे, असें परमेश्वर अब्राहामास कळवितो. अब्राहाम तंबूंत राहणारा मेंढपाळ. नगरवासियांशीं त्याचें देणें-घेणें नाहीं. त्याचा पुतण्या लोट तेवढा सदोमांत राहत होता. तरी अब्राहाम पुढें सरसावतो आणि विचारतो कीं, नगरांत ५० नीतिमान माणसें सांपडलीं तर काय? देव म्हणतो, त्यांच्यासाठीं सर्व नगर राखीन. मग ४५? मग ४०? मग ३०, २० आणि शेवटीं १०. सहा वेळां तो विचारतो, आणि मध्यें एकदां स्वतःस धूळ व राख म्हणून घेतो. वरवर पाहतां ही बाजारांतली घासाघीस वाटते. पण बाजारांत गिऱ्हाईक स्वतःच्या खिशासाठीं घासाघीस करतें. येथें अब्राहामाचें एका पैचेंही नुकसान किंवा नफा व्हावयाचा नव्हता. एवढेंच नव्हे, तर सबंध विनवणींत तो लोटाचें नांव एकदांही घेत नाहीं. आपल्या माणसापुरतें मागून तो मोकळा होऊं शकला असता. त्यानें परक्यांचें सबंध नगर मागितलें. त्याचा मुख्य मुद्दा कोणता, तोही पाहण्यासारखा आहे. देवा, माझ्याकडे पाहून दया कर, असें तो म्हणत नाहीं. सर्व जगाचा न्याय करणाऱ्यानें निरपराध्यास अपराध्याबरोबर मारणें त्यास शोभेल काय, असें तो विचारतो. देवाच्या स्वभावावर बोट ठेवून तो देवाशीं बोलतो. आणखी एक गोष्ट : ह्या संवादांत देवानें एकदांही नकार दिलेला नाहीं. १० वर येऊन थांबतो तो अब्राहामच.

निर्गम ह्या पुस्तकाच्या ३२ व्या अध्यायांत मोशेची विनवणी आहे, आणि आमच्या मतें सर्व जुन्या करारांत हिला तोड नाहीं. मिसर देशाच्या दास्यांतून सुटलेले इस्राएल लोक सीनाय पर्वताच्या पायथ्याशीं उतरले असतां मोशे ४० दिवस पर्वतावर राहिला. इकडे लोकांचा धीर सुटला व त्यांनीं सोन्याचें वासरूं करून त्याची पूजा मांडली. (मोशेचा भाऊ अहरोन ह्यास जाब विचारतां त्यानें सांगितलें कीं, आपण सोनें अग्नींत टाकलें आणि हें वासरूं बाहेर आलें. शाई आपोआप सांडली असें सांगणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस हें उत्तर ओळखीचें वाटेल.) तेव्हां परमेश्वर मोशेस सांगतो कीं, तुझे लोक बिघडले आहेत, आतां मला अडवूं नको, मी त्यांचा नाश करीन आणि तुझेंच एक मोठें राष्ट्र करीन. मोशे उत्तर देतो तें अशा अर्थाचें कीं, हे लोक माझे नव्हेत, तुझे आहेत. तूंच त्यांस बाहेर आणिलेंस. मिसरी लोक काय म्हणतील? आणि अब्राहाम, इसहाक व इस्राएल ह्यांस तूं दिलेल्या वचनाचें काय? विवाहित वाचकांस हा संवाद घरगुती वाटल्यास नवल नाहीं. मुलानें खोडी केली कीं तो आईबापांपैकीं नेहमीं दुसऱ्याचा मुलगा असतो.

ह्या कथेंत यहूदी पंडितांनीं एक मार्मिक गोष्ट हेरली आहे. मला अडवूं नको, असें देव म्हणतो, ह्याचाच अर्थ मोशेस अडवितां येत होतें. दार लावून घेतां घेतां ते किलकिलें ठेवल्यासारखें हें झालें. मोशेनें तें ओळखलें. स्वतःच्या वंशाचें मोठेपण त्याच्यापुढें ठेवण्यांत आलें होतें, तें त्यानें उचललें नाहीं. उलट दुसऱ्या दिवशीं तो पुन्हां पर्वतावर गेला आणि ह्यांची क्षमा होत नसेल तर तुझ्या पुस्तकांतून माझेंही नांव काढून टाक, असें म्हणाला.

ह्याला मराठींत रदबदली म्हणतात. दर वर्षीं जून महिन्यांत आमच्या कचेरीच्या दाराशीं ती आम्ही पाहतों. नापास झालेल्या मुलास घेऊन आई किंवा वडील येतात. मुलगा खालीं मान घालून उभा असतो, आणि गुण ज्यांचे कमी पडले नाहींत तीं माणसें बोलत असतात. एक बाई आम्हांस आठवतात. मुलाच्या बाजूनें सांगण्यासारखें त्यांच्यापाशीं कांहींच नव्हतें आणि त्यांनीं कांहीं बनवून सांगितलेंही नाहीं. मी ह्याच्याबरोबर आलें आहें, एवढेंच त्या पुनःपुन्हां म्हणत होत्या. मराठी पवित्र शास्त्रांत पवित्र आत्म्यास आणि प्रभु येशूस 'कैवारी' हा शब्द लाविला आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जवळ बोलाविलेला, बाजूस येऊन उभा राहणारा, असा आहे. कैवार घेणें ह्या आपल्या शब्दप्रयोगानें तो फार चांगला उतरला आहे, असें आम्हांस वाटतें. ख्रिस्ती मनुष्य आपली प्रार्थना येशूच्या नांवानें संपवितो, ती ह्या समजुतीनें; तो एकटा आलेला नसतो.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. विनवणीचें बळ तिच्या मोठ्या आवाजांत नाहीं. कर्मेल पर्वतावर बाल ह्या दैवताच्या पुजाऱ्यांनीं सकाळपासून ओरडून, स्वतःच्या अंगावर सुऱ्या मारून घेतल्या, ही कथा पहिल्या राजे ह्या पुस्तकांत आहे. आणि पुष्कळ बोलल्यानें देव ऐकतो असें समजूं नका, असें प्रभु येशूनेंही शिष्यांस बजाविलें. मग त्यानेंच त्या चिवट विधवेचा दाखला कां दिला? लूककृत शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायांत एक विधवा निर्ढावलेल्या न्यायाधीशाकडे इतक्या वेळां जाते कीं कंटाळून तो तिचा न्याय करितो. देव त्या न्यायाधीशासारखा आहे, असा अर्थ घेतला कीं सर्व बिघडलें. असला मनुष्यसुद्धां शेवटीं ऐकतो, तर देव किती अधिक ऐकेल, असा त्याचा रोख आहे. चिकाटी लागते, ती देवाच्या कानांसाठीं नव्हे. वाट पाहतांना आपलें मन हटूं नये म्हणून.

अशी चिकाटी सोर व सीदोन ह्या प्रांतांतील एका परजातीय बाईनें दाखविली. तिची मुलगी पीडित होती. मत्तयाच्या १५ व्या अध्यायांत ती येशूच्या मागें हाका मारीत येते. आधीं तो एक शब्दही बोलत नाहीं. मग शिष्य तिला घालवून द्या म्हणतात. मग आपण इस्राएलाच्या हरवलेल्या मेंढरांसाठींच पाठविलेले आहों, असें तो सांगतो. आणि शेवटीं, मुलांची भाकर घरच्या कुत्र्यांस घालणें बरें नव्हे, असें कठोर वाक्य येतें. त्याचा कठोरपणा लपविण्याचा आम्ही प्रयत्न करीत नाहीं. टीकाकारांनीं त्यावर पुष्कळ लिहिलें आहे. पण त्या बाईनें काय केलें? तिनें तोच शब्द उचलला. कुत्रीं तर कुत्रीं, पण मेजाखालीं पडलेले तुकडे त्यांचेच कीं नाहीं? इतक्या संकटांत ही तल्लखबुद्धि! येशूनें तिच्या विश्वासाची मोठी वाखाणणी केली आणि तिची मुलगी त्याच घटकेस बरी झाली.

कथा अशा सुखान्त असल्या कीं सांगावयास बऱ्या. आमच्या विद्यार्थ्यास मात्र त्यांनीं उत्तर मिळत नाहीं, आणि पवित्र शास्त्र दुसऱ्याही कथा लपवीत नाहीं. अब्राहामाच्या विनवणीनंतरही सदोम जळालें. लोट तेवढा वांचला. ज्या मोशेनें राष्ट्र राखलें, त्यानें यार्देन नदीपलीकडचा देश पाहूं दे म्हणून स्वतःसाठीं विनवलें, तेव्हां हा विषय आतां पुरे, असें त्यास सांगण्यांत आलें; तो डोंगरावरून देश पाहून मेला. दावीद राजा आजारी बाळासाठीं उपाशी, जमिनीवर पडून राहिला. सातव्या दिवशीं बाळ वारलें. पौलानें आपल्या शरीरांतील कांटा जावा म्हणून तीनदां मागणें केलें; कांटा राहिला, आणि त्यासह जगण्यास कृपा पुरेशी आहे असें उत्तर आलें. आणि गेथशेमाने बागेंत, धरल्या जाण्यापूर्वीं, स्वतः येशूनें तीनदां मागितलें कीं हा प्याला टळावा. तो टळला नाहीं. त्याच्या विनवणींत श्रद्धा उणी होती, कीं शब्द चुकले? असें कोणीही ख्रिस्ती मनुष्य म्हणणार नाहीं. तर मग नकारावरून विनवणीची परीक्षा करितां येत नाहीं. त्या मुलास आम्हांस प्रथम हेंच सांगावयाचें होतें : तुम्हीं नीट विनवलें होतें.

वडील मंडळींसाठीं आणखी एक उदाहरण देतों. तें शास्त्रांतलें नसून मंडळीच्या इतिहासांतलें आहे. उत्तर आफ्रिकेंतील मोनिका ही माता आपला बुद्धिमान पण भरकटलेला मुलगा ऑगस्टीन ह्याच्यासाठीं वर्षानुवर्षें रडून विनवीत होती. इ. स. ३८३ मध्यें तो रोमास जावयास निघाला, तेव्हां त्यानें जाऊं नये म्हणून ती समुद्रकिनाऱ्याजवळच्या एका प्रार्थनास्थानीं रात्रभर प्रार्थना करीत बसली. तो तिला फसवून त्याच रात्रीं गलबतांत बसून गेला. सकाळीं तिला काय वाटलें असेल, तें आईबापांस सांगावयास नको. परंतु रोमाहून तो मिलान शहरीं गेला, तेथें बिशप अँब्रोज ह्याची प्रवचनें त्यानें ऐकलीं, आणि इ. स. ३८७ च्या ईस्टर सणांत त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढें ऑगस्टीनानें आपल्या आत्मचरित्रांत त्या रात्रीचा विचार केला आहे. त्याचा भावार्थ असा कीं, आई त्या रात्रीं जें मागत होती तें देवानें दिलें नाहीं, आणि ती नेहमीं जें मागत होती तें त्यायोगें दिलें. अर्थात् प्रत्येक नकाराचा असा उलगडा ह्या जन्मीं होतोच, असें आम्ही म्हणणार नाहीं. दावीदाच्या बाळाचा झाला नाहीं.

आतांपर्यंत माणूस देवास विनवितो, एवढीच बाजू आम्हीं मांडली. पण शास्त्र वाचतां वाचतां एके ठिकाणीं वाचक थबकतो, कारण तेथें विनवणी उलट दिशेनें चाललेली असते. मीखा संदेष्ट्याच्या ६ व्या अध्यायांत देव डोंगरांस साक्षी ठेवून आपल्या लोकांशीं वाद मांडतो, आणि त्या वादांत दटावणीपेक्षां दुखावलेल्या बापाचा प्रश्नच अधिक ऐकूं येतो : मी तुमचें काय वाईट केलें? करिंथकरांस लिहितांना पौल म्हणतो कीं, आमच्या तोंडून देवच तुम्हांस विनवीत आहे. राजा प्रजेस आज्ञा करितो; तो विनवीत नाहीं. येथें मात्र राजाच शरणागताची फांदी हातांत धरून दाराशीं आलेला आहे.

उधळ्या पुत्राचा दाखला आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस पाठ आहे. धाकटा परत येतो, बाप धांवत जाऊन त्यास मिठी मारतो, पुष्ट वासरूं कापतात, वाद्यें वाजूं लागतात. येथेंच बहुतेक जण थांबतात. पुढें काय आहे? शेतांतून थोरला मुलगा येतो आणि रागावून अंगणांतच उभा राहतो. तेव्हां पाहुण्यांनीं भरलेलें घर सोडून बाप बाहेर येतो आणि मुलाची विनवणी करूं लागतो. मुलगा आपल्या कष्टांचा हिशेब ऐकवितो. बाप, माझें जें कांहीं आहे तें सर्व तुझेंच आहे, असें त्यास समजावितो. त्यानंतर तो मुलगा आंत गेला कीं नाहीं, हें लूकानें लिहिलेलें नाहीं. दाखला संपतो तेव्हां घरांत वाद्यें वाजत आहेत, आणि बाप अद्याप बाहेरच, मुलाजवळ उभा आहे.