पानावरून उठलेली धान्ये

अलिबागेहून मुरुडकडे जाणाऱ्या रस्त्याने रेवदंड्याची खाडी ओलांडून पुढे आल्यावर, एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला फणसाडच्या अरण्याने आच्छादलेली डोंगररांग यांच्या दरम्यान जी चिंचोळी पट्टी उरते, तिच्यावर काशीद हे गाव वसलेले आहे. आणि शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून येथे लोटणारा प्रवासी घरगुती खानावळीत बसून तळलेली सुरमई आणि पांढरा शुभ्र भात मागतो, तेव्हा हेच या किनाऱ्याचे पिढ्यानपिढ्यांचे अन्न असावे, असा त्याचा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती तशी नव्हती. १९४८ पर्यंत या मुलुखावर जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचा अंमल होता, फणसाड हे त्यांचे शिकारीचे रान होते, आणि सखल खाचरांत पिकणाऱ्या भाताचा मोठा हिस्सा साऱ्यात, खंडात किंवा बाजारात जात असल्यामुळे सामान्य कुळाच्या चुलीवर वर्षातील बराच काळ शिजत असे ते डोंगरउताराचे धान्य. शेजारच्या कुलाबा जिल्ह्याच्या महसुली दफ्तरात ज्यांना ‘दळी’ म्हटले आहे, त्या रान तोडून व राब जाळून कसलेल्या उतारांच्या जमिनींत नाचणी, वरी आणि हरीक ही तीन धान्ये पिकत आणि तीच पोटाला आधार देत. आज या तिघांपैकी एकही रोजच्या पानावर उरलेले नाही.

लोकांना त्यांचा वीट आला, हे उत्तर सहज सुचण्यासारखे आहे, आणि वीट येणे ही शरीरशास्त्राला चांगली परिचित असलेली घटनाही आहे. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ऑक्सफर्ड येथे प्रयोगांनी दाखवून दिले की, एखादा पदार्थ मनसोक्त खाल्ल्यावर त्या पदार्थापुरती गोडी उतरते, न खाल्लेल्या पदार्थांची मात्र जवळजवळ तशीच राहते. पंगतीत मसालेभाताला दोन्ही हातांनी नकार देणारा गृहस्थ जिलबीचे ताट दिसताच पुन्हा सावरून का बसतो, याचा उलगडा येथे होतो. परंतु ही अरुची अल्पायुषी असते. दुपारी उतरलेली गोडी रात्रीपर्यंत परत येते, आणि पिढ्यांच्या हिशेबात तिला काही स्थान नाही. शिवाय १९५० च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या शिध्याविषयी जे अभ्यास झाले, त्यांत असे आढळले की, डबाबंद मांस आणि भाज्या वरचेवर वाढल्या तर सैनिक लवकर कंटाळतात, पण पावासारखे सौम्य चवीचे नित्याचे अन्न कितीही वेळा पुढे आले तरी त्याविषयी कुरकुर होत नाही. भाकरी याच कोटीतली. तेव्हा नाचणी कंटाळ्याने सुटली, हा आरोप पुराव्याअभावी काढून टाकावा लागतो.

हरकाची गोष्ट थोडी निराळी आहे. या धान्यावर दमट हवेत विशिष्ट बुरशी वाढली की त्यात विषारी द्रव्य निर्माण होते आणि खाणाऱ्याला घेरी, कंप, वांत्या असा त्रास होतो. हरीक ‘चढतो’ म्हणत ते यालाच. जॉन गार्सिया या शास्त्रज्ञाने १९५५ मध्ये उंदरांना सॅकरीनचे गोड पाणी पाजता पाजता किरणोत्सर्गाने आजारी पाडले, तेव्हा त्या उंदरांनी पुढे त्या पाण्याकडे पाठ फिरवली. पोटात मळमळणे आणि जिभेवरची चव यांची गाठ शरीर एकाच प्रसंगात मारते, मग दोहोंमध्ये काही तासांचे अंतर का असेना. आणि ती गाठ फार चिवट असते. एवढ्यानेच हरीक गेला असे मी म्हणणार नाही, कारण भूक ही अशा गाठी पुष्कळदा सोडवते. पण दुसरे धान्य हाताशी येताच सर्वांत आधी निरोप मिळाला तो त्याला, यात नवल वाटत नाही.

नाचणीला मात्र असा कोणताच दोष चिकटलेला नव्हता. तिला वर्षानुवर्षे कीड लागत नाही, म्हणून दुष्काळाची ती खरी शिल्लक. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तर सडीक तांदळात ते जेमतेम १० मिलिग्रॅम भरते. तिची खोड एकच, आणि ती रंगाची. दाण्याच्या तांबूस सालीत टॅनिन जातीची द्रव्ये असतात. ती लाळेतील प्रथिनांना बिलगून त्यांचा साका करतात आणि तोंडात तुरटपणा, कोरडेपणा जाणवतो. येथे शरीराची एक विलक्षण तजवीज पाहण्यासारखी आहे. १९८३ मध्ये उंदरांना टॅनिनयुक्त ज्वारी खाऊ घातली असता अवघ्या तीन दिवसांत त्यांच्या लाळग्रंथी, टॅनिनला जखडून ठेवणारी प्रथिने पूर्वीच्या अनेक पटींनी स्रवू लागल्याचे दिसून आले. माणसाच्या बाबतीत हा हिशेब इतका सरळ नसला, तरी नित्य खाणाऱ्याच्या तोंडाला जो तुरटपणा जाणवतही नाही, तोच सवय सुटलेल्याला डाचावा, हे यावरून समजण्याजोगे होते. म्हणजे जिभेची तक्रार नाचणी सुटल्यानंतरची आहे; ती सुटली तेव्हाची नव्हे.

सुटण्याचे कारण पानावरच्या प्रतिष्ठेत आणि घरातल्या कष्टांत शोधले पाहिजे. खोताच्या घरी भात, कुळाच्या घरी नाचणी, ही वाटणी ज्याने जन्मभर पाहिली, त्याने मुंबईहून मनिऑर्डर येऊ लागताच पहिल्या पैशांत तांदूळ घेतला, तर त्याला दोष कोणी द्यावा? उतारावरची लावणी, बेणणी, मळणी आणि शेवटी जाते, हा सारा भार बहुतांशी स्त्रियांच्या अंगावर होता, आणि नाचणीच्या ऱ्हासाबद्दल हळहळणाऱ्या शहरी लेखकांनी तो सोयीस्करपणे विसरावा, हे मला नेहमीच खटकत आले आहे. त्यातच शिधावाटपाच्या दुकानात तांदूळ आणि गहू आले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने भरड धान्याचा दर किलोला अवघा १ रुपया आणि तांदळाचा ३ रुपये ठरवला, पण तोवर हातांची सवय मोडून गेली होती.

पांढऱ्याचा हा मोह मात्र खोतांपेक्षाही जुना आहे. रायगडच्या खारजमिनींत पिकणारा ‘राता’ भात तांबडा असतो, आणि रानटी भाताचा मूळ रंगही तांबडाच. ‘आरसी’ नावाच्या जनुकातील १४ अक्षरे गळून पडल्यामुळे दाणा पांढरा झाला, आणि माणसाने हजारो वर्षे तोच बिघाड निवडून निवडून पेरला. राता जमिनीच्या क्षाराला दाद देत नाही म्हणून पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने तो संकरासाठी वापरला. ताटात मात्र गोऱ्या तांदळापुढे त्याची डाळ शिजली नाही.

भाकरीबरोबरचे कोरड्यासही याच ओघात बदलले. सुकट आणि सुके बोंबील पाहुण्यांच्या नाकाला सोसत नाहीत, म्हणून पुष्कळ खानावळींत ते आतल्या चुलीपुरते राहिले. हा वास मुख्यतः ट्रायमेथिलअमीन या द्रव्याचा. मासा मेल्यावर जंतू ते तयार करतात, आणि आमसुलाच्या आंबटाशी गाठ पडली की ते बांधले जाऊन हवेत उडेनासे होते. आगरी-कोळी स्वयंपाकघराला हे रसायनशास्त्र नावानिशी ठाऊक नसले, तरी हातानिशी पक्के ठाऊक होते.

मोठ्या गमतीची गोष्ट अशी की, हरीक सोडता उरलेली दोन्ही धान्ये समूळ गेली नाहीत. त्यांनी आपली जागा बदलली. एकेकाळी गरिबाचे रोजचे जेवण असलेली वरी आज एकादशीला आणि महाशिवरात्रीला मोठ्या सन्मानाने शिजते. उपवासाला भात वर्ज्य, पण वरी चालते. आणि ज्या घरांत ती एरवी कोणी मागितली नसती, तेथेही वाण्याच्या यादीत तिचे नाव असते. नाचणीने पाळणा आणि रुग्णशय्या गाठली. तिला भिजवून, मोड आणून, वाटून काढलेले सत्त्व महाराष्ट्रात असंख्य मुलांच्या तोंडी पहिल्या घनान्नाच्या रूपाने जाते. मोड आणल्याने कॅल्शियमला जखडून ठेवणारे फायटेट कमी होते आणि कॅल्शियम अंगी लागणे सुकर होते. मूल वरणभात खाऊ लागले की वाटी बंद होते, ती मधुमेहाच्या निदानानंतर वैद्याच्या सल्ल्याने भाकरीच्या रूपात पुन्हा सुरू होते. मधली पन्नास वर्षे नाचणीवाचून जातात.

संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे म्हणून साजरे केल्यापासून किनाऱ्यावरच्या खानावळींच्या फलकांवरही नाचणीची भाकरी दिसू लागली आहे. पाहुणा ती कौतुकाने मागवतो, एक तुकडा मोडतो, छायाचित्र घेतो आणि तांदळाच्या भाकरीकडे वळतो. लीअन बर्च यांनी १९८२ मध्ये दोन वर्षांच्या मुलांना अपरिचित पदार्थ कमीजास्त वेळा, कमाल वीस वेळा चाखायला दिले, तेव्हा जो पदार्थ जितक्या अधिक वेळा चाखला गेला तितका तो अधिक आवडता ठरला. या हिशेबाने शनिवारी येऊन रविवारी परतणाऱ्याचा अभिप्राय खानावळीच्या मालकिणीने फारसा मनावर घेण्याचे कारण नाही. पण तिचा स्वतःचा नातू शाळेतून आल्यावर काय खातो, हे विचारले तर उत्तर बहुधा तांदळाचेच मिळेल.