साठीनंतरच्या बैठका

२०२५च्या प्रारंभी अहिल्यानगरच्या वाडिया पार्क मैदानावर महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या रंगल्या. या जिल्ह्याला तालमीची परंपरा जुनी. आज साठी-सत्तरीत असलेल्या कित्येकांनी तरुणपणी आखाड्याची माती अंगाला लावलेली असते आणि शे-दोनशे बैठकांचा हिशेब ते आजही अभिमानाने सांगतात. ‘मग आता का मारत नाही?’ असे विचारले, की उत्तर ठरलेले असते. ‘आता वय झाले. सकाळी फिरून येतो, तेवढे पुरे.’

तेवढे पुरे नसते. चालण्याने हृदय आणि फुफ्फुसे तंदुरुस्त राहतात, याविषयी वाद नाही. परंतु स्नायूंची झीज रोखण्यास केवळ चालणे अपुरे पडते. तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. वयोमानाने होणाऱ्या या ऱ्हासाला अमेरिकी संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली ‘सार्कोपेनिया’ असे नाव दिले. ग्रीक भाषेतील या शब्दाचा अर्थ ‘मांसाची उणीव’. तथापि, मांस घटते त्याहून अधिक वेगाने ताकद घटते. त्यातही झटकन आकुंचन पावणारे स्नायुतंतू आधी क्षीण होतात. ओल्या फरशीवर पाय घसरला असता क्षणार्धात तोल सावरतात ते हेच तंतू. ते दुबळे झाले, की माणूस पडतो. हाडेही ठिसूळ झालेली असली, तर खुब्याचे हाड मोडते आणि कालपर्यंत स्वतःची कामे स्वतः करणारी व्यक्ती परावलंबी होते.

मागच्या पिढीला वेगळा व्यायाम ठाऊक नव्हता, कारण तो दिनक्रमातच होता. जाते ओढणे, विहिरीचे पाणी शेंदणे, पंगतीत मांडी घालून बसणे आणि हात न टेकता उठणे, हे सारे स्नायूंना ताण देणारेच प्रकार होत. १९४२च्या ऑगस्टमध्ये पंडित नेहरूंना नगरच्या भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध करण्यात आले, तेव्हा त्यांचे वय बावन्न होते. तेथील दगडगोट्यांची जमीन खणून फुलांचे वाफे करण्यात आपण रोज तासन्‌तास घालवत असू, असे त्यांनीच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’मध्ये लिहिले आहे. आज सदनिकेत राहणाऱ्या साठीच्या गृहस्थाला खणायला वाफा नाही आणि पाणी तर नळाने येते.

उशीर झाला, आता काय उपयोग, ही शंका साहजिक आहे. तिचे उत्तर १९९० साली बोस्टनच्या एका वृद्ध-शुश्रूषा केंद्रात मिळाले. मारिया फियाटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा दुर्बल वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

आपल्याकडे या विषयाला मधुमेहाचाही पैलू आहे. रक्तातील साखर सर्वाधिक प्रमाणात शोषून घेणारा अवयव म्हणजे स्नायू. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच उदाहरणे देऊन एक कोडे मांडले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! काट्यावर सडपातळ भरणाऱ्या भारतीयाच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते. ‘माझे वजन वाढलेले नाही’ या समाधानात म्हणूनच फारसा अर्थ नाही.

आपली ताकद घरीच अजमावता येते. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसावे, हात छातीशी बांधावेत आणि सलग पाच वेळा उठून बसावे. बारा सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागल्यास स्नायू दुबळे असण्याची शक्यता आहे, असा आशियाई तज्ज्ञगटाचा २०१९चा निकष आहे.

हीच चाचणी व्यायाम म्हणूनही करावी. खुर्चीवरून उठणे म्हणजे अर्धी बैठकच. तिच्या जोडीला भिंतीवर हात टेकून जोर काढावेत, ओट्याला धरून टाचा उचलाव्यात, पाण्याने भरलेल्या बाटल्या खांद्यापर्यंत उचलाव्यात. शेवटच्या दोन-तीन आवर्तनांना कष्ट पडले पाहिजेत. ती सोपी वाटू लागली, की भार वाढवावा. वर्षानुवर्षे त्याच दोन बाटल्या उचलणे म्हणजे नुसती हातांची हालचाल. खाली बसताना मात्र धपकन बसू नये. अकोले तालुक्याच्या सीमेवरील १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर जाऊन आलेल्यांना ठाऊक असते, की चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतरल्यामुळे. शरीराचे वजन तोलत सावकाश खाली येताना मांडीच्या स्नायूंवर मोठा ताण पडतो आणि तोच त्यांना बळकट करतो.

प्रौढांनी असा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वृद्धांनी तोल सांभाळण्याचे व्यायाम धरून तीन दिवस करावा, अशी तिची २०२०ची शिफारस आहे. वजन उचलताना श्वास रोखू नये, त्याने रक्तदाब एकदम चढतो. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा अलीकडचा अस्थिभंग असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. गुडघेदुखी मात्र व्यायाम टाळण्यास सबब नव्हे. मांडीचे स्नायू सशक्त झाले, की बहुधा झिजलेल्या गुडघ्याचे दुखणे कमीच होते. आहारात प्रथिनेही हवीत. मूत्रपिंडाचा विकार नसलेल्या वृद्धांना दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. चहा-चपातीच्या रात्रीच्या जेवणातून ती मिळत नाहीत. मटकीची उसळ, पिठले, दूध, अंडी यांचा वाटा प्रत्येक जेवणात असावा.

बोस्टनच्या त्या अभ्यासातील आणखी एक नोंद क्वचितच सांगितली जाते. प्रयोग संपल्यावर ज्यांचा व्यायाम थांबला, त्यांची ताकद अवघ्या चार आठवड्यांत ३२ टक्क्यांनी घटली.