टायसनचा भोवरा इतका तापट का?

इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्यासारख्या गावात ज्याने लहानपणी भोवरा फिरवलाय, त्याला 'बेब्लेड' वेगळं समजावून सांगावं लागत नाही. जाळी घट्ट गुंडाळायची, हात झटकायचा आणि रिंगणातल्या दुसऱ्याच्या भोवऱ्याचा आरीने टवका उडवायचा. हीच ईर्षा जपानने प्लास्टिक आणि धातूत बसवली आणि तिच्यावर अख्खी कथा रचली.

ताकाओ आओकी यांची 'बेब्लेड' ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, 1999 मध्ये 'कोरोकोरो कॉमिक' मासिकात सुरू झाली. ताकारा कंपनीचं खेळणंही त्याच वर्षी बाजारात आलं. 2001 मध्ये अॅनिमे मालिका निघाली आणि पुढे कार्टून नेटवर्कवर हिंदीत बोलत ती आपल्या घरांत शिरली. तिचा नायक ताकाओ किनोमिया आपल्या मुलांना टायसन म्हणून ठाऊक आहे. डोक्यावर उलटी टोपी, आजोबांच्या तलवारबाजीच्या तालमीत वाढलेला, कुणी डिवचलं की लगेच उसळणारा.

त्याचा बे, म्हणजे बेब्लेड, 'ड्रॅगून' हा हल्लेखोर जातीचा. इथेच विज्ञानाची खरी कमाल आहे. बेचं खालचं टोक अणकुचीदार असेल तर जमिनीशी घर्षण कमी होतं आणि तो जागच्या जागी बराच वेळ घुमतो. टोक हल्लेखोर बेसारखं सपाट, रुंद असेल तर घर्षण वाढतं आणि तेच त्याला रिंगणभर पळवतं. मात्र त्या धावपळीत फिरकी भराभर खर्च होते. म्हणजे तापट बेपाशी वेळ थोडा. समोरच्याला लवकर उडवलं नाही, तर तोच आधी आडवा होणार! नायकाचा स्वभाव आणि खेळण्याचं टोक किती चपखल जुळलंय.

आणखी एक नवल. ड्रॅगूनची बहुतेक खेळणी उलटी, डावीकडे फिरतात. दोन बे एकाच दिशेने फिरत असतील, तर भिडताना त्यांच्या कडा एकमेकींविरुद्ध धावतात आणि दणका जबर बसतो. दिशा उलट असतील, तर कडा दातेरी चाकांसारख्या एकाच बाजूला सरकतात. मग मंदावलेला बे वेगवान प्रतिस्पर्ध्याचीच थोडी फिरकी पळवतो.

या सगळ्याचं मूळ 'बेइगोमा' नावाच्या जुन्या जपानी भोवऱ्यात आहे. आधी तो शंखाचा असे, नंतर ओतीव लोखंडाचा झाला. दोरी गुंडाळून तो पिंपावर ताणलेल्या कापडावर सोडायचा आणि दुसऱ्याला बाहेर उडवायचं. तिथली पोरं त्याच्या कडा कानशीने घासून धारदार करत.

मालिकेत टायसन ओरडला की ड्रॅगून पेटून उठतो. प्रत्यक्षात बे हातातून सुटला की ओरडून काही होत नाही. सगळी जिद्द त्या एका झटक्यात ओतावी लागते, आणि त्याआधीची तयारी डोक्याने करावी लागते. म्हणून तर टायसनलाही लॅपटॉप घेऊन बसणारा मित्र केनी लागतो. गरम रक्ताला थंड हिशेबाची जोड मिळाली तरच डाव जिंकता येतो.

घरात नातवाचा बेब्लेड आणि आजोबांचा भोवरा दोन्ही असतील, तर एकदा शेजारी शेजारी फिरवा. कोणता पळतो, कोणता घुमतो ते पाहा आणि पोरांनाच विचारा: का?