धावेपासून आगटीच्या कड्यापर्यंत : लोखंडी पट्टी गोल कशी करावी



थंडी पडून शाळूची कणसे हुरड्यात आली की हुबळी-धारवाडकडच्या काळ्या रानात संध्याकाळी आगट्या पेटतात. आपण ज्याला हुरडा म्हणतो त्याला आपले कानडी शेजारी सीतनी म्हणतात. नाव वेगळे, पण खड्डा तोच, गोवऱ्या त्याच आणि भोवती कोंडाळे करून बसलेली माणसेही तीच. कणसे निखाऱ्यात खोचून भाजतात. मक्याचे कणीस, वांगे, रताळे भाजायचे असेल, चहाचे पातेले ठेवायचे असेल, तर तीन दगड मांडतात. त्यातला एखादा दगड हलतो, पातेले कलंडते आणि जवळ बसलेल्या लेकराच्या पायावर उकळते पाणी सांडते. हे टाळण्यासाठी लोखंडी पट्टीचे गोल कडे, त्यावर सळ्यांची जाळी आणि खाली तीन पाय एवढे साधन पुरेसे आहे. सुमारे साडेचार-पाच किलो लोखंडात ते होते आणि अनेक हंगाम टिकते.

परंतु पट्टी गोल करणे दिसते तितके सोपे नाही. नुसती ताकद लावून ठोकली तर कडे अंड्यासारखे होते, टोके जुळत नाहीत आणि लोखंड वाया जाते. या कामात ताकदीपेक्षा माप महत्त्वाचे. ते आपल्या गावच्या लोहाराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

लोहाराची धाव

रबरी टायरच्या गाड्या येण्यापूर्वी प्रत्येक बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव असे. सुतार तुंबा, आरे आणि लाकडी कड जोडून चाक तयार करी. मग लोहार चाकाचा घेर मोजी आणि धाव मुद्दाम त्या घेरापेक्षा थोडी लहान करी. ती जमिनीवर ठेवून भोवती गोवऱ्या रचून पेटवीत. लाल झाली की तिघे-चौघे सांडशींनी उचलून ती चाकावर बसवीत, घणाने ठोकीत आणि लगेच पाणी ओतीत. निवताना धाव आवळे आणि चाकाचे सगळे सांधे घट्ट होत.

यामागचे गणित साधे आहे. पोलाद एक अंश सेल्सियसने तापले की त्याची लांबी दहा लाखांत सुमारे १२ भागांनी वाढते. पाच फूट व्यासाच्या चाकाचा घेर जवळजवळ १८८ इंच भरतो. धाव ६०० अंशांनी तापली तर हा घेर सुमारे १ १/३ इंच वाढतो. लोहार हातात पुस्तक न घेता हीच वाढ धरून धाव लहान ठेवी. ही वाढ आपल्याला पुढे जाळीच्या वेळी पुन्हा भेटणार आहे.

पट्टी कोणती घ्यावी

आगटीच्या कड्यासाठी २५ मिलिमीटर रुंद व ५ मिलिमीटर जाड साधी काळी पट्टी घ्यावी. दुकानात ‘पंचवीस बाय पाच’ म्हटले की देतात. तिचे वजन मीटरला सुमारे एक किलो भरते. पट्टी तिच्या सपाट बाजूवर वाकवावी, म्हणजे कडे उभ्या पट्टीचे होईल. तीच पट्टी आडवी, म्हणजे धारेवर वाकवू पाहिली तर ती पंचवीसपट ताठ वागते आणि मध्येच पिळली जाते. वेताची सपाट चिरफळी आपण कोणत्या बाजूने वळवतो ते आठवावे.

माप कसे घ्यावे

समजा, कड्याचा आतला व्यास ४५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे हातभर हवा आहे. पुष्कळजण ४५ ला २२/७ ने गुणतात आणि सुमारे १४१ सेंटिमीटर पट्टी कापतात. कडे वळवल्यावर टोकांमध्ये दीड सेंटिमीटरची फट राहते आणि दोष वळवणाऱ्याला दिला जातो.

दोष मापात असतो. पट्टी वाकते तेव्हा तिची आतली बाजू आखडते व बाहेरची ताणली जाते. फक्त मधली रेषा आहे तेवढीच राहते. म्हणून लांबी त्या मधल्या रेषेवर काढावी. नियम असा : आतल्या व्यासात पट्टीची जाडी एकदा मिळवावी व येणाऱ्या आकड्याला २२/७ ने गुणावे. आपल्या उदाहरणात ४५० अधिक ५, म्हणजे ४५५ मिलिमीटर. त्याचा घेर १४३० मिलिमीटर, अर्थात १४३ सेंटिमीटर. बाहेरचा व्यास ठरलेला असेल तर त्यातून जाडी एकदा वजा करावी आणि मग गुणावे.

मात्र कापताना दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटिमीटर पट्टी जास्त ठेवावी. कारण पुढे येईलच.

थंड पट्टी वाकवणे

पाच मिलिमीटरची पट्टी भट्टीशिवाय हातानेही वळते. त्यासाठी एक भक्कम गोल साचा लागतो. येथे दुसरी चूक होते. ४५ सेंटिमीटरचे कडे हवे म्हणून साचाही तेवढाच घेतात. पट्टी साच्यावर नीट बसते, पण सोडली की उसळी मारून उघडते आणि कडे मोठे होते. म्हणून साचा लहान हवा. या जाडीच्या साध्या पोलादासाठी तो साधारण पाच-सहा सेंटिमीटरने लहान घ्यावा. मोटारीच्या चौदा इंची चाकाची लोखंडी कड बाहेरून सुमारे ३९ सेंटिमीटर भरते. भंगारातली तशी जुनी रिम या कामाला बरी. प्रत्येक पट्टीची उसळी थोडी निराळी असते, म्हणून आधी फुटभर तुकड्यावर करून पाहावे.

रिम जमिनीत पुरलेल्या खांबाला किंवा जड बाकाला पक्की करावी. पट्टीचे एक टोक क्लॅम्पने रिमला आवळावे. दुसऱ्या टोकात दोन-तीन फुटांचा पाइप घालून, पट्टी रिमला चिकटती ठेवत, सावकाश ओढत न्यावी. पाइप जसा पुढे जाईल तसा क्लॅम्पही पुढे घ्यावा. एकदम झटका देऊ नये, कारण झटक्याने कोपरा पडतो आणि पडलेला कोपरा पुन्हा गोल करणे कठीण जाते.

ओढायला हात न पुरल्याने दोन्ही टोकांचा थोडा भाग सरळच राहतो. जास्तीचे दहा-दहा सेंटिमीटर त्यासाठीच ठेवले होते. फरशीवर दोरी व खडूने ४५ सेंटिमीटरचे वर्तुळ काढावे आणि पट्टी त्यावर ठेवून पाहावी. कोठे उघडी असेल तेथे हातोड्याने हलकेच मिटवावी, कोठे जास्त वळली असेल तेथे उघडावी. वर्तुळ जुळले की दोन्ही टोके एकमेकांवर येतील. ती तशीच एकत्र धरून हॅक्सॉने दोन्ही एकाच वेळी कापावीत, म्हणजे सांधा तंतोतंत जुळतो.

यंत्रावर आणि भट्टीत

दहा-वीस कडी करायची असतील तर रोलर यंत्र असलेले वर्कशॉप गाठावे. हुबळीजवळच्या तारिहाळ औद्योगिक वसाहतीत किंवा शहरात चौकशी करावी. या यंत्रात खाली दोन व वर एक असे तीन रोलर असतात. वरचा रोलर थोडा-थोडा दाबत पट्टी अनेकदा पुढे-मागे फिरवतात. येथेही टोके सरळच राहतात, कारण शेवटचा तुकडा तिन्ही रोलरांत एकदम सापडत नाही. म्हणून यंत्रवाल्याला पट्टी नेमकी मापाची न देता वाढवून द्यावी.

पट्टी दहा मिलिमीटरहून जाड असेल, किंवा गोठ्यामागे पडलेली जुनी धाव लहान करून घ्यायची असेल, तर लोहाराची भट्टीच हवी. पट्टी चांगली लालभडक असतानाच ठोकावी. लाली उतरली की थांबावे व पुन्हा तापवावी. दोनशे ते साडेतीनशे अंशांच्या आसपास पोलाद निळसर दिसते आणि त्या वेळी ते ठिसूळ वागते. निळ्या पट्टीवर घण घातला तर चीर पडण्याचा धोका असतो.

जाळी आणि पाय

सांधा वेल्डिंगने जोडून कानशीने घासावा. जाळीसाठी आठ मिलिमीटरची साधी सळई घ्यावी. अडीच सेंटिमीटर अंतराने सतरा तुकडे बसतात. त्यांना एकूण सुमारे सात मीटर, म्हणजे पावणेतीन किलो सळई लागते. प्रत्येक तुकडा खडूच्या वर्तुळावर ठेवून मापून कापावा आणि दोन्हीकडे कड्याबाहेर सेंटिमीटरभर येऊ द्यावा.

आता लोहाराच्या धावेची आठवण ठेवावी. मधल्या सळया निखाऱ्यावर कड्यापेक्षा जास्त तापतात. कड्यापेक्षा ४०० अंश जास्त तापलेली ४५ सेंटिमीटरची सळई दोन मिलिमीटरहून अधिक लांब होते. दोन्ही टोके वेल्ड केली असतील तर ती वाढ जाणार कोठे? सळई कमानीसारखी फुगते किंवा वेल्ड तुटतो. जी वाढ धावेला घट्ट बसवते, तीच जाळीला वाकडी करते. म्हणून प्रत्येक सळईचे एकच टोक वेल्ड करावे आणि दुसरे कड्यावर मोकळे टेकू द्यावे. शेजारच्या सळईचे विरुद्ध टोक वेल्ड करावे. सगळी टोके घासून बोथट करावीत.

पाय तीनच द्यावेत. ओबडधोबड जमिनीवर चार पाय डगमगतात, तीन डगमगत नाहीत. खड्डा कड्यापेक्षा लहान, सुमारे ३० सेंटिमीटर रुंद खणावा, म्हणजे पाय घट्ट जमिनीवर राहतात. भोवती नदी-ओढ्यातले ओले गोटे मांडू नयेत. आतले पाणी तापून ते फुटतात आणि कपच्या डोळ्यांत उडतात.

हे मात्र टाळावे

जस्ताचा मुलामा दिलेली, चांदीसारखी चकाकणारी पट्टी, सळई किंवा पाइप भट्टीत घालू नये व वेल्ड करू नये. जस्त सुमारे ९०७ अंशांवर उकळते आणि त्याचा पांढरा धूर होतो. तो छातीत गेला की काही तासांनी घसा कोरडा पडतो, तोंडाला धातूची चव येते आणि मलेरियासारखी हुडहुडी भरून ताप येतो. पुष्कळदा एक-दोन दिवसांत तो उतरतो, पण दम लागत असेल तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. वर दूध प्यायले की धूर बाधत नाही हा समज चुकीचा आहे. कोणत्याही पट्टीचे वेल्डिंग उघड्यावर करावे, वाऱ्याकडे पाठ करून नव्हे तर वारा बाजूने येईल असे उभे राहावे आणि काच लावल्याशिवाय ठिणगीकडे पाहू नये.

जुन्या फ्रिजमधली जाळी भाजण्यासाठी वापरू नये. तिच्यावर जस्ताचा किंवा कॅडमियमचा मुलामा असू शकतो. कीटकनाशकाच्या पिंपाचा पत्रा तर चुलीजवळही आणू नये. बंद पिंप कापण्याने स्फोट होऊन माणसे मरतात. नवे कडे पहिल्यांदा रिकामेच तापवून घ्यावे आणि निवल्यावर खाद्यतेलाचा हात फिरवावा.

भाजल्यास काय करावे

आग किती वेगाने पसरते हे तारिहाळकरांना सांगायला नको. जुलै २०२२ मध्ये तेथील एका कारखान्याला लागलेल्या आगीत भाजून कामगारांचे प्राण गेले. आपली आगटी लहान, पण निखारा तोच.

भाजलेल्या जागेवर ताबडतोब साधे थंड पाणी ओतावे आणि वीस मिनिटे ओतत राहावे. बर्फ लावू नये. सूज येण्याआधी बांगड्या, अंगठी, पैंजण काढावेत. हळद, तूप, शाई, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावू नये आणि फोड फोडू नयेत. स्वच्छ कापड सैल गुंडाळावे. भाजलेली जागा रुग्णाच्या तळहाताहून मोठी असेल, किंवा चेहरा, हात, सांधे, गुप्तांग भाजले असेल, तर दवाखान्यात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक फिरवावा. अंगावरच्या कपड्याने पेट घेतला तर पळू नये, जमिनीवर लोळावे. आगटीभोवती पदर व ओढणी खोचून घ्यावी.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हुरडा खाऊन झाला की लोक आगटीवर माती लोटून घरी जातात. मातीखाली आणि राखेखाली निखारा कित्येक तास जिवंत राहतो. सकाळी रानात आलेले पोर अनवाणी त्या राखेत पाय घालते. म्हणून उठण्यापूर्वी आगटीत घागरभर पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा ओतावे आणि हात जवळ नेऊन ऊब लागत नाही याची खात्री करावी. कडे व जाळी निवल्याशिवाय उचलू नये. काळे लोखंड तापलेले असले तरी काळेच दिसते.

लोहार धाव बसवल्यावर पाणी ओतल्याशिवाय जागा सोडीत नसे. आपणही आगटी सोडताना तेच करावे.