उताइते

उताइते : संगणकाने संश्लेषित केलेल्या आवाजासाठी रचलेली गीते स्वतःच्या कंठाने गाऊन प्रसृत करणारे जपानी गायक-गायिका. ‘उताइते’ या जपानी शब्दाचा मूळ अर्थ केवळ ‘गाणारा’ असा आहे. व्यावसायिक गायकासाठी जपानीत ‘काशू’ ही वेगळी संज्ञा असल्यामुळे, हौसेने गाऊन आपले ध्वनिमुद्रण इंटरनेटवर ठेवणाऱ्या गायकांना उताइते म्हणण्याचा प्रघात २००७ नंतर पडला. अशा ध्वनिमुद्रणांना ‘उतात्ते मिता’ म्हणजे ‘गाऊन पाहिले’ असे म्हणतात. हे गायक इतरही गीते गातात. तथापि त्यांच्या संग्रहाचा गाभा संश्लेषित स्वरातील गीतांचाच असतो. यंत्राने माणसाचे अनुकरण करावे, हा नेहमीचा क्रम होय. येथे तो उलटा झालेला दिसतो. गीत प्रथम यंत्राच्या आवाजात जन्मास येते आणि माणूस मागाहून त्याचा गायक होतो. त्यामुळे गायकाचे कार्य नेमके कोणते व गीतावर कोणाचा किती हक्क, हे प्रश्न या गायनप्रकाराने नव्याने उपस्थित केले.

पार्श्वभूमी : मानवी वाणीची यंत्राद्वारे निर्मिती करण्याचे प्रयत्न जुने आहेत. होमर डडली यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार केलेले ‘व्होडर’ हे यंत्र १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात दाखविण्यात आले. प्रशिक्षित चालक कळा व पायपट्टी यांच्या साहाय्याने त्यातून शब्द उमटवीत असे. याच प्रयोगशाळेत १९६१ मध्ये संगणकाकडून ‘डेझी बेल’ हे गीत गाऊन घेण्यात आले. त्यातील वाणीचे संश्लेषण जॉन केली व कॅरोल लॉकबाउम यांनी, तर साथसंगीताचे काम मॅक्स मॅथ्यूज यांनी केले होते.

गीतरचनाकारांना सहज वापरता येईल असे साधन मात्र पुढे चार दशकांनी उपलब्ध झाले. यामाहा या जपानी कंपनीने केनमोची हिदेकी यांच्या नेतृत्वाखाली, स्पेनमधील बार्सेलोना येथील पोंपेउ फाब्रा विद्यापीठाच्या सहकार्याने, ‘व्होकॅलॉइड’ ही आज्ञावली विकसित केली. तिची घोषणा २००३ मध्ये झाली आणि पहिले आवाज २००४ मध्ये विक्रीस आले. तिचे तीन भाग असतात : स्वर व शब्द भरण्याचा संपादक, गायकाच्या आवाजाचा ध्वनिसंग्रह आणि संश्लेषक. ध्वनिसंग्रहासाठी एखादी व्यक्ती निरनिराळे उच्चारखंड ठरावीक स्वरावर गाते व ते मुद्रित केले जातात. एका ध्वनीतून दुसऱ्या ध्वनीत जाताना होणारा बदल या खंडांत साठविलेला असतो. जपानी भाषेतील अक्षरे बहुतांशी स्वरान्त असल्यामुळे प्रत्येक स्वरोच्चतेला सुमारे ५०० खंड पुरतात. इंग्रजीसाठी सुमारे २,५०० लागतात. संश्लेषक हे खंड जोडतो, त्यांची स्वरोच्चता व कालमान बदलतो आणि सांध्यांच्या जागी आवाजाचा पोत सारखा करतो. कंप, मींड, जोर इ. गोष्टी रचनाकाराला स्वतः भराव्या लागतात. म्हणजे आवाज उसना असला, तरी गायकी रचनाकाराचीच असते.

साप्पोरो येथील क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीने ३१ ऑगस्ट २००७ रोजी व्होकॅलॉइडच्या दुसऱ्या आवृत्तीवर आधारलेला ‘हात्सुने मिकू’ हा आवाज बाजारात आणला. त्यासाठी फुजिता साकी या अभिनेत्रीचा आवाज वापरला होता. वेष्टनावर हिरवट निळ्या केसांच्या सोळा वर्षांच्या मुलीचे चित्र होते. या काल्पनिक पात्रामुळे आज्ञावलीला गायिकेचे रूप लाभले. डिसेंबर २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘निको निको दोगा’ या जपानी चित्रफीत-माध्यमावर अनेक अनाम रचनाकार तिच्या आवाजातील स्वतःची गीते ठेवू लागले. त्यांना ‘निर्माता’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाच्या आद्याक्षरावरून ‘पी’ म्हटले जाते. आपल्या गीताला गायक मिळावा म्हणून संगीत कंपनीची वाट पाहण्याचे कारण आता उरले नव्हते.

उदय : रियो या रचनाकाराचे ‘मेल्ट’ हे गीत ७ डिसेंबर २००७ रोजी प्रसृत झाले. तरुण मुलीच्या मनातील प्रेमाचे साधे वर्णन करणारे हे गीत अल्पावधीत अनेकांनी गाऊन पाहिले. मूळ गीताबरोबरच त्याची मानवी गायनेही त्या माध्यमाच्या क्रमवारीत अग्रभागी आली. यंत्राच्या आवाजाचे कौतुक करणाऱ्या काही श्रोत्यांना हे रुचले नाही. परंतु संश्लेषित गीत हे केवळ तंत्राचे नवल नसून कोणीही गावे असे स्वतंत्र गीत आहे, हे त्यातून सिद्ध झाले. पुढे रचनाकारांनी आवाज वगळलेली साथ स्वतःच उपलब्ध करून देण्याची पद्धत रूढ झाली. गायक ती साथ घेऊन घरीच ध्वनिमुद्रण करी. दुसरे कोणी त्याचे मिश्रण करी, आणखी कोणी चित्रे काढी. बहुतेक उताइते टोपणनावाने गातात. अनेक जण चेहराही दाखवीत नाहीत. श्रोत्यांना त्यांची ओळख केवळ आवाजातून होते.

गायनाची वैशिष्ट्ये : संश्लेषित आवाजाला श्वास घ्यावा लागत नाही. हात्सुने मिकूच्या आवाजासाठी निर्मात्यांनी पाश्चात्त्य गणनेनुसार तिसऱ्या सप्तकातील ‘ए’ पासून पाचव्या सप्तकातील ‘ई’ पर्यंतचा पल्ला आणि मिनिटाला ७० ते १५० ठोक्यांची लय अनुकूल म्हणून सांगितली होती. रचनाकारांनी ही मर्यादा लवकरच ओलांडली. कॉस्मो या रचनाकाराचे ‘हात्सुने मिकू नो शोशित्सु’ हे गीत मिनिटाला २४० ठोक्यांच्या लयीत असून, त्यातील शब्दांचा वर्षाव ऐकून समजणेही कठीण जाते. विसाव्याची जागा नसलेली लांब चरणे, एका स्वरावरून दूरच्या स्वरावर घेतलेल्या उड्या आणि तार सप्तकात दीर्घकाळ रेंगाळणारी चाल ही अशा गीतांची लक्षणे होत.

अशी चाल गाताना गायकापुढे प्रश्न उभा राहतो, तो दमसासाचा. श्वास कोठे घ्यावा याचा निर्णय मूळ गीतात कोठेच केलेला नसतो. तो गायकालाच करावा लागतो. श्वासाची जागा बदलली, की चरणाची फोड बदलते आणि तिच्याबरोबर अर्थाचा भरही हलतो. काही गायक आधारस्वर खाली आणतात, पुरुष गायक बरेचदा एक सप्तक खाली गातात, तर काही जण खोटा आवाज लावून मूळ पट्टी कायम ठेवतात. स्त्री व पुरुष अशा दोन्ही प्रकारचे आवाज काढणाऱ्या गायकांना जपानीत ‘र्‍योसेइरुई’ म्हणतात. उभयचर प्राण्यांसाठी असलेल्या शब्दातील एक चित्रलिपी बदलून केलेला हा श्लेष आहे. संश्लेषित आवाजात भावनेची अभिव्यक्ती मर्यादित असल्यामुळे तो काहीसा तटस्थ वाटतो. त्यामुळे एकाच गीतात एखाद्या गायकाला क्रोध, तर दुसऱ्याला कारुण्य दिसते. मूळ गायकाच्या प्रभावी शैलीचे दडपण नसणे, हा उताइते गायकांना मिळालेला मोठा लाभ होय.

गीतसंग्रह : हौशी गायनातून पुढे स्वतंत्र गीतसंग्रह निर्माण झाले. त्यांतील तीन संग्रह परस्परांहून भिन्न परंपरांतून आलेले असल्यामुळे विशेष लक्षणीय ठरतात.

पहिला संग्रह कोबायाशी साचिको (१९५३–) या गायिकेचा. ‘एन्का’ या भावप्रधान जपानी गीतप्रकारातील त्या ज्येष्ठ गायिका असून १९६४ पासून गात आहेत. वर्षअखेरीस प्रसारित होणाऱ्या ‘कोहाकू उता गास्सेन’ या गानमहोत्सवात १९७९ ते २०११ अशी सलग ३३ वर्षे त्यांनी भाग घेतला. २०१२ मध्ये हा क्रम खंडित झाला. त्यानंतर त्या तरुण श्रोत्यांच्या या नव्या माध्यमाकडे वळल्या. ऑगस्ट २०१४ मध्ये टोकिओतील ‘कॉमिक मार्केट’ या हौशी प्रकाशकांच्या मेळाव्यात त्यांनी संश्लेषित गीतांचा ‘साचिसाचि नि शिते आगेरु’ हा लघुसंग्रह स्वतः उपस्थित राहून विकला. एन्का गायनात ‘कोबुशी’ नावाची, मुरकीशी साम्य असलेली आलंकारिक हरकत महत्त्वाची असते. सरळ, अलंकारहीन आवाजासाठी रचलेल्या चालींत ही हरकत आल्याने त्या गीतांना वेगळाच रंग चढला. २०१५ च्या कोहाकू महोत्सवात विशेष निमंत्रित म्हणून त्यांनी ‘सेनबोनझाकुरा’ हे गीत गायिले. कुरोउसा या रचनाकाराचे हे गीत २०११ मध्ये हात्सुने मिकूच्या आवाजात प्रथम प्रसृत झाले होते.

दुसरा संग्रह ‘वागाक्की बँड’ या वाद्यवृंदाचा ‘बोकारो झानमाइ’ (२०१४) हा होय. ‘बोकारो’ हे व्होकॅलॉइड या शब्दाचे जपानी संक्षिप्त रूप आहे. ‘झानमाइ’ हा शब्द संस्कृत ‘समाधी’ या शब्दाच्या चिनी लिप्यंतरातून जपानीत आला असून, व्यवहारात तो ‘एखाद्या गोष्टीत पूर्ण रमून जाणे’ या अर्थी वापरतात. सुझुहाना युको या प्रमुख गायिकेला ‘शिगिन’ या पारंपरिक काव्यगायनाची तालीम मिळालेली आहे. शामिसेन, कोतो, शाकुहाची व जपानी ढोल ही पारंपरिक वाद्ये गिटार आणि पाश्चात्त्य ड्रम यांच्या जोडीला वापरून या आठ कलावंतांनी संगणकावर रचलेल्या गीतांना देशी वाद्यसंगीताचे रूप दिले. या मालिकेतील दुसरा संग्रह २०२२ मध्ये निघाला. २०२४ च्या अखेरीस या समूहाने आपले कार्य अनिश्चित काळासाठी थांबविले.

तिसरा संग्रह आदो (२००२–) या गायिकेचा. चेहरा न दाखविता गाणाऱ्या या गायिकेने २०१७ मध्ये उताइते म्हणून आरंभ केला. ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसृत झालेले ‘उस्सेवा’ हे तिचे गीत अतिशय गाजले; त्याचे रचनाकार स्यूदो हेही संश्लेषित गीतांच्याच क्षेत्रातून आलेले आहेत. व्यावसायिक यश मिळाल्यानंतर, डिसेंबर २०२३ मध्ये, तिने केवळ इतरांची गीते गाऊन संग्रह काढला आणि त्याच्या नावातच ‘उतात्तेमिता’ हा हौशी गायकांचा शब्द ठेवला.

काही रचनाकार स्वतःच गायक झाले. ‘हाची’ या नावाने २००९ पासून संश्लेषित गीते रचणाऱ्या योनेझु केनशी यांनी ‘दिओरामा’ (२०१२) या संग्रहात स्वतःचा आवाज वापरला व पुढे ते जपानमधील अग्रगण्य गायकांपैकी एक झाले. याउलट पिको या उताइते गायकाच्या आवाजावरून २०१० मध्ये ‘उतातने पिको’ हा व्होकॅलॉइड आवाज तयार करण्यात आला.

हक्कांचे प्रश्न : संश्लेषित गीतात रचनाकार, आवाज देणारी व्यक्ती, आज्ञावलीची निर्माती कंपनी, पात्राचे चित्रकार आणि मागाहून गाणारा गायक असे अनेक जण गुंतलेले असतात. गीताचा स्वामित्वहक्क रचनाकाराकडे असतो. गायकाला आपल्या प्रयोगापुरता, म्हणजे त्या विशिष्ट गायनाच्या ध्वनिमुद्रणासंबंधीचा, संलग्न हक्क मिळतो. संश्लेषित आवाज ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती नसल्यामुळे तिला असा हक्क असू शकत नाही. डिसेंबर २००७ मध्ये एका गीताची जपानमधील संगीत-स्वामित्वहक्क संस्थेकडे नोंद होताना कलावंताच्या जागी हात्सुने मिकू हे नाव घातले गेले. त्यावरून क्रिप्टन व संबंधित प्रकाशन कंपनी यांच्यात वाद झाला. त्याच महिन्यात तो सामोपचाराने मिटला. याच सुमारास क्रिप्टनने ‘पियाप्रो’ हे संकेतस्थळ सुरू करून, पात्राच्या चित्रांचा विनामोबदला व अव्यापारी वापर करण्यास अटींवर मोकळीक दिली. हौशी निर्मितीच्या वाढीस ही मोकळीक साहाय्यभूत ठरली.

आवाज देणाऱ्या व्यक्तीचा प्रश्न याहून नाजूक आहे. व्होकॅलॉइडसाठी उच्चारखंड गाणारी व्यक्ती ते संमतीने व मोबदला घेऊन गाते. मृत गायकाची संमती घेता येत नाही. १९८९ मध्ये निधन पावलेल्या मिसोरा हिबारी या विख्यात गायिकेचा आवाज यामाहाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने पुन्हा घडविला. त्या आवाजातील नवे गीत २०१९ मध्ये एनएचके या संस्थेने प्रसारित केले. अनेक श्रोते त्याने हेलावले, तर यामाशिता तात्सुरो यांच्यासारख्या संगीतकाराने त्यावर कठोर टीका केली. पुढे थोड्याशा ध्वनिमुद्रणावरूनही आवाजाची नक्कल करणारी साधने उपलब्ध झाली, तेव्हा हयात गायकांपुढेही हाच प्रश्न आला. चेहरा झाकून गाणाऱ्या उताइते गायकाजवळ आवाज हीच एकमेव ओळख असल्याने त्याला ही नक्कल विशेष जाचक ठरू शकते.

मूल्यमापन : संश्लेषित आवाजामुळे गायकाची गरज संपेल, अशी शंका आरंभी व्यक्त केली जात असे. प्रत्यक्षात जपानमध्ये या आवाजाने गायकांची एक नवी पिढी घडविली. गायक न मिळालेल्या रचनाकाराला त्याने गायक दिला आणि रचना न मिळालेल्या गायकाला गीते दिली. संगीत कंपन्यांच्या निवडीवाचून तरुणांना श्रोत्यांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग खुला झाला. मात्र यंत्रासाठी रचलेल्या द्रुत व तारस्वरी चालींचे अनुकरण केल्याने कोवळ्या गळ्यावर ताण पडतो. तसेच गतीच्या हव्यासात शब्दांचा अर्थ हरवतो, हे दोषही नाकारता येत नाहीत.

ऑक्टोबर २०२२ मध्ये निघालेल्या व्होकॅलॉइडच्या सहाव्या आवृत्तीत, वापरणाऱ्याने स्वतः गायिलेल्या चरणाची ढब संश्लेषित आवाजात उतरविण्याची सोय आहे. यंत्राच्या गीतात माणसाने आपला श्वास घातला. माणसाच्या गाण्यातील ती ढब आता यंत्रही घेऊ लागले आहे. ही देवघेव गायकाच्या संमतीने व त्याचे श्रेय राखून होते की नाही, यावर या गायनप्रकाराचे भवितव्य बरेचसे अवलंबून राहील.