किनाऱ्यावरील हवाई कसरती

भारतीय हवाई दलाच्या ९२ व्या वर्धापनदिनानिमित्त ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर कसरती झाल्या. अशा प्रात्यक्षिकांत प्रदर्शनरेषा, म्हणजे प्रेक्षकांना समांतर आखलेला उड्डाणमार्ग, समुद्रावर ठेवता येत असल्याने अपघात झालाच तर वस्तीला असणारा धोका घटतो. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या व बीदर येथे तळ असलेल्या ‘सूर्यकिरण’ पथकाच्या नऊ ‘हॉक’ विमानांमागे उमटणारा पांढरा पट्टा हा जळणाचा धूर नसून, इंजिनाच्या तप्त झोतात सोडलेल्या तेलाची वाफ होऊन ती हवेत निवताच बनलेल्या सूक्ष्म थेंबांचे ते धुके असते. रंगीत धुरासाठीची उपकरणे मात्र नाशिकच्या हवाई दलाच्या दुरुस्ती आगारात विकसित झाली, हे आवर्जून नोंदवावे असे आहे. एक किलोमीटरवरील विमानाचा आवाज सुमारे तीन सेकंदांनी पोहोचतो, त्यामुळे आवाजाच्या रोखाने मान वळवणाऱ्याला तेथे रिकामे आकाश दिसते आणि विमान कितीतरी पुढे गेलेले असते. मरीनावर लाखोंच्या गर्दीत, भर दुपारच्या उन्हात वाळूवर सावली नव्हती. त्या दिवशी पाच प्रेक्षक दगावले.