छायाचित्र-संपादन सॉफ्टवेअरमधील ‘मोड’ आणि वापरकर्त्याचा संभ्रम : एक विवेचन

सारांश

छायाचित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकच कळ किंवा माउसची एकच हालचाल वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे परिणाम घडविते. हे परिणाम सॉफ्टवेअरच्या ज्या अंतर्गत अवस्थेवर अवलंबून असतात तिला ‘मोड’ असे म्हटले जाते. ही अवस्था वापरकर्त्याच्या ध्यानात नसेल, तर अपेक्षित कृतीऐवजी भलतीच कृती घडते. प्रस्तुत लेखात मोडची संकल्पना, तिचा पूर्वेतिहास, फोटोशॉप व गिंप या सॉफ्टवेअरमधील ठळक उदाहरणे आणि अशा चुकांची कारणमीमांसा मांडली आहे. या चुका प्रामुख्याने रचनेतून उद्भवतात, वापरकर्त्याच्या निष्काळजीपणातून नव्हे. आणि अध्यापनात कृतिक्रमाइतकेच अवस्थेचे भान देणे आवश्यक आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : मोड, इंटरफेस, छायाचित्र-संपादन, फोटोशॉप, गिंप, मोडजन्य चूक, संगणक-अध्यापन

१. प्रस्तावना

छायाचित्र-संपादन शिकू लागलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला हमखास येणारा एक प्रसंग असा : कुंचला निवडलेला आहे, रंगही निवडलेला आहे, माउस फिरतो आहे, पण चित्रावर काहीच उमटत नाही. कधी निळा रंग निवडलेला असतानाही तांबूस छटा पसरते. विद्यार्थी तीच कृती पुन्हा पुन्हा करून पाहतो, शेवटी फाइल बंद करून पुन्हा उघडतो, आणि ‘आपल्याला हे जमत नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. प्रयोगशाळेतील शिक्षकही बहुधा ‘नीट लक्ष द्या’ एवढेच सांगून पुढच्या संगणकाकडे वळतात.

वस्तुतः अशा प्रसंगी विद्यार्थ्याने केलेली कृती बरोबर असते. ज्या अवस्थेत ती केली गेली ती अवस्था मात्र त्याला अपेक्षित असलेली नसते. या फरकाचे स्वरूप स्पष्ट करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन होय.

२. ‘मोड’ची संकल्पना

मोडचा सर्वांत परिचित अनुभव मराठी टंकलेखनात येतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर जी कळ इंग्रजीत ‘एच’ उमटविते तीच मराठीत ‘प’ उमटविते. ‘जे’च्या कळीवर ‘र’ आणि ‘एल’च्या कळीवर ‘त’ असतो. कोणती भाषा चालू आहे हे पडद्याच्या तळाशी, कोपऱ्यातील लहानशा चिन्हावरून कळते. परंतु टंकलेखन करणाऱ्याची नजर त्या वेळी कागदावर किंवा ओळीवर असते. परिणामी दोन-चार निरर्थक अक्षरे उमटल्यावरच चूक ध्यानात येते. वर्षानुवर्षे टंकलेखन करणाऱ्यांकडूनही ही चूक होते, ही बाब महत्त्वाची आहे.

जेफ रॅस्किन यांनी २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द ह्यूमेन इंटरफेस’ या ग्रंथात मोडची व्याख्या दोन अटींनी केली आहे. एकाच कृतीला इंटरफेसने आपल्या अवस्थेनुसार भिन्न प्रतिसाद देणे ही एक अट. आणि ती अवस्था वापरकर्त्याच्या अवधानाच्या केंद्रस्थानी नसणे ही दुसरी. दुसरी अट विशेष मार्मिक आहे. अवस्था पडद्यावर कोठेतरी दर्शविलेली असणे पुरेसे नाही. काम करताना जेथे लक्ष असते तेथे ती जाणवली पाहिजे, असा तिचा आशय आहे.

३. पूर्वेतिहास

हा प्रश्न छायाचित्र-संपादनापेक्षा जुना आहे. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात बटलर लॅम्पसन, चार्ल्स सिमोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ च्या सुमारास ‘ब्राव्हो’ हा मजकूर-संपादक तयार केला. त्यात आज्ञा देण्याची आणि मजकूर लिहिण्याची अवस्था वेगवेगळी होती. त्याविषयी नेहमी सांगितले जाणारे उदाहरण असे : आज्ञा-अवस्थेत असल्याचे भान न राहता एखाद्याने ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टंकित केला, तर ‘ई’ने संपूर्ण मजकूर निवडला जाई, ‘डी’ने तो नष्ट होई, ‘आय’ने लेखन-अवस्था सुरू होई आणि उरलेले ‘टी’ हे एकच अक्षर पडद्यावर शिल्लक राही.

याच केंद्रातील लॅरी टेस्लर यांनी टिम मॉट यांच्यासह १९७५ मध्ये ‘जिप्सी’ हा संपादक विकसित करताना असे मोड शक्य तितके काढून टाकले. टेस्लर यांनी पुढे आयुष्यभर मोडविरोधी भूमिका मांडली. त्यांच्या मोटारीच्या क्रमांकपट्टीवरदेखील ‘नो मोड्स’ ही अक्षरे होती.

मात्र चित्रांच्या क्षेत्रात मोड पूर्णतः टाळणे शक्य झाले नाही. १९८४ मध्ये मॅकिन्टॉश संगणकाबरोबर आलेल्या, बिल ॲटकिन्सन यांच्या ‘मॅकपेंट’मध्ये साधनांची पेटी होती, पेन्सिल, कुंचला वा खोडरबर निवडणे हाही एक मोडच होता. ॲपलच्या १९८५ च्या ‘इनसाइड मॅकिन्टॉश’ या मार्गदर्शक ग्रंथाने मोड टाळण्याचा आग्रह धरतानाच, कुंचला बदलण्यासारख्या प्रत्यक्ष व्यवहाराशी मिळत्याजुळत्या मोडांना मान्यता दिली. चित्रकाराच्या बोटांत कुंचला आहे की खोडरबर, हे त्याला न पाहताही कळते. संगणकावर ती स्पर्शाची जाणीव नसते. तिची उणीव कर्सरच्या बदलत्या आकाराने भरून काढावी लागते.

४. छायाचित्र-संपादनातील मोड : एक शब्द, तीन अर्थ

थॉमस व जॉन नोल या बंधूंनी निर्माण केलेले फोटोशॉप ॲडोबीने फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आणले. गिंप या मुक्त सॉफ्टवेअरचे काम स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस यांनी १९९५ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात विद्यार्थी असताना सुरू केले. या दोन्हींमध्ये ‘मोड’ हा शब्द किमान तीन भिन्न अर्थांनी येतो आणि संभ्रमाची सुरुवात येथूनच होते.

(अ) रंगमोड : आरजीबी, सीएमवायके, ग्रेस्केल, इंडेक्स्ड इत्यादी. हा फाइलमधील रंगमाहितीच्या मांडणीचा प्रकार होय. इंडेक्स्ड मोडमध्ये जास्तीत जास्त २५६ रंग असतात. संकेतस्थळावरून घेतलेली जीआयएफ फाइल याच मोडमध्ये उघडते, त्यामुळे फोटोशॉपमधील अनेक फिल्टर फिके व निरुपयोगी दिसतात. सॉफ्टवेअर बिघडल्याचा समज होतो. येथे मोड बदलणे म्हणजे माहितीच बदलणे असते. रंगीत छायाचित्र ग्रेस्केल करून जतन केले आणि नंतर पुन्हा आरजीबी केले, तर गेलेले रंग परत येत नाहीत. मूळ प्रत राखून ठेवली नसेल, तर ही हानी कायमची होते.

(आ) मिश्रणमोड : वरच्या थराचे रंग खालच्या थराशी कसे मिसळावेत हे ठरविणारे ‘मल्टिप्लाय’, ‘स्क्रीन’, ‘डिझॉल्व्ह’ यांसारखे पर्याय. ते थराला असतात आणि स्वतंत्रपणे कुंचल्यालाही असतात. फोटोशॉपमध्ये कुंचला हाती असताना शिफ्ट व अधिक-चिन्हाची कळ नकळत दाबली गेली, तर कुंचल्याचा मोड बदलतो आणि तो तसाच राहतो. येथे ‘अन्डू’ पुरेसे ठरत नाही. मारलेला फटकारा पुसला जातो. पण कुंचल्याचा मोड पूर्ववत होत नाही. त्यामुळे पुढचा फटकाराही चुकीचाच उमटतो.

(इ) कार्यमोड : रॅस्किन यांच्या व्याख्येत नेमकेपणाने बसणारा हा प्रकार. फोटोशॉपमध्ये ‘क्यू’ ही कळ दाबताच ‘क्विक मास्क’ सुरू होतो. आता कुंचला चित्र रंगवीत नाही. तो निवडीचा मास्क रंगवितो आणि तो मास्क अर्धपारदर्शक लाल छटेने दिसतो. प्रस्तावनेतील तांबूस छटेचे कारण हेच होय. या अवस्थेची सूचना चित्राच्या शीर्षकपट्टीवर येते खरी. परंतु नजर कुंचल्याच्या टोकाशी असल्याने ती वाचली जात नाही.

५. ‘मोड’ असे न म्हटले जाणारे मोड

अधिक त्रासदायक ठरतात त्या अवस्था, ज्यांना सॉफ्टवेअर मोड असे नावही देत नाही.

पहिली म्हणजे विसरलेली निवड. चित्राच्या एखाद्या कोपऱ्यात चुकून लहानसे क्षेत्र निवडले गेले असेल, तर त्या क्षेत्राबाहेर कुंचला काहीच उमटवीत नाही. निवडीची सरकती तुटक रेषा दिसत असेल तर उलगडा होतो. पण चित्र मोठे करून पाहताना ती पडद्याबाहेर जाते, आणि फोटोशॉपमध्ये विंडोजवर कंट्रोल व ‘एच’ या कळांनी ती लपवताही येते. रेषा लपते, निवड मात्र कायम राहते.

दुसरी म्हणजे थर व मास्क यांतील फरक. एकाच थराच्या दोन लघुप्रतिमा शेजारी शेजारी असतात. एक चित्राची, दुसरी मास्कची. कोणती सक्रिय आहे हे तिच्याभोवतीच्या बारीक चौकटीवरून ओळखायचे असते. मास्क सक्रिय असता काळ्या रंगाने थर झाकला जातो, पांढऱ्याने उघडा पडतो, आणि इतर कोणताही रंग निवडला तरी करडी छटाच मिळते.

तिसरी म्हणजे अपुरे राहिलेले काम. फोटोशॉपमध्ये आकार बदलण्याची क्रिया एंटर वा एस्केप दाबून संपवेपर्यंत बहुतेक आज्ञा बंद असतात. अक्षरलेखन चालू असता ‘बी’ ही कळ दाबली, तर कुंचला न येता ‘बी’ हे अक्षर उमटते. ब्राव्होमधील पेच येथे उलट दिशेने पुन्हा अवतरतो. गिंपच्या २.१० पर्यंतच्या आवृत्त्यांत पेस्ट केलेला भाग ‘तरंगती निवड’ म्हणून येत असे. तो थराला जोडल्याशिवाय किंवा त्याचा नवा थर केल्याशिवाय इतर थरांवर काम करता येत नसे.

चौथे उदाहरण क्षुल्लक, पण बोलके आहे. कॅप्स लॉक चालू असता फोटोशॉपमधील कुंचल्याचे वर्तुळ नाहीसे होऊन तेथे फुलीसारखे चिन्ह दिसते. शीर्षक मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहून झाल्यावर कळ तशीच राहिली, तर दोन घटनांचा संबंध नवशिक्याच्या ध्यानात येणे कठीणच असते.

६. कारणमीमांसा

डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८१ व १९८३ मधील आपल्या लेखांत मानवी चुकांचे वर्गीकरण करताना ‘मोडजन्य चूक’ हा स्वतंत्र प्रकार मानला. हेतू योग्य, कृतीही त्या हेतूला साजेशी, परंतु यंत्राची अवस्था वेगळी, असे तिचे स्वरूप असते. वापरकर्त्याला अवस्थेची पुरेशी सूचना न मिळणे हे तिचे मूळ होय.

सूचना कशी असावी, याचे उत्तर ॲबिगेल सेलन, गॉर्डन कर्टनबाख व विल्यम बक्स्टन यांच्या १९९२ मधील प्रयोगांतून मिळते. मजकूर-संपादनाचा मोड दर्शविण्यासाठी त्यांनी पडद्यावरील दृश्य सूचना आणि पायाने दाबून धरायची कळ यांची तुलना केली. पायाने कळ दाबून धरली असता चुका अधिक प्रभावीपणे कमी झाल्या. जी अवस्था टिकविण्यासाठी शरीराला सतत काही करावे लागते तिचा विसर सहसा पडत नाही.

या चुकांचे गांभीर्य छायाचित्रापुरते मर्यादित नाही. २० जानेवारी १९९२ रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गजवळ एअर इंटरचे ए-३२० विमान डोंगरावर आदळून ८७ जण मृत्युमुखी पडले. उतरण्याचा कोन ३.३ अंश ठेवण्याच्या हेतूने भरलेला ‘३३’ हा आकडा, मोड वेगळा असल्याने, मिनिटाला ३३०० फूट असा घेतला गेला असावा, ही शक्यता चौकशीत ठळकपणे पुढे आली. त्यानंतर दोन्ही मोडमधील आकडे भिन्न दिसावेत अशी सुधारणा करण्यात आली. म्हणजेच दक्षतेच्या उपदेशावर न थांबता रचना बदलली गेली.

७. रचनेतील उपाय

सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे दाबून धरण्याची कळ. फोटोशॉपमध्ये स्पेसबार दाबून धरला असता हाताचे साधन येते आणि सोडताच मूळ साधन परत येते. रॅस्किन यांनी अशा अवस्थांना ‘क्वासीमोड’ म्हटले. २००८ मधील सीएस४ आवृत्तीपासून इतर साधनेही या रीतीने तात्पुरती घेता येऊ लागली.

दुसरा उपाय म्हणजे चूक निरुपद्रवी करणे. १९९६ मधील ४.० आवृत्तीत आलेल्या ॲडजस्टमेंट लेयरमुळे मूळ चित्राला धक्का न लावता रंगबदल शक्य झाला. १९९८ मधील ५.० आवृत्तीतील हिस्टरी पॅनेलमुळे अनेक पायऱ्या मागे जाता येऊ लागले. तिसरा उपाय म्हणजे अनावश्यक मोड काढून टाकणे. मार्च २०२५ मध्ये आलेल्या गिंप ३.० मध्ये पेस्ट केलेला भाग सामान्यतः सरळ नवा थर म्हणून येतो.

८. अध्यापनविषयक फलित

महाविद्यालयीन प्रात्यक्षिकांत कृतींचा क्रम लिहून देण्याची व पाठ करण्याची पद्धत रूढ आहे. परंतु कृतिक्रम हा एका विशिष्ट प्रारंभिक अवस्थेतच लागू पडतो आणि ती अवस्था नोंदवहीत क्वचितच लिहिलेली असते. म्हणून अपेक्षित परिणाम न मिळाल्यास विद्यार्थ्याने पुढील पाच प्रश्न क्रमाने विचारावेत :

१. एखादे काम अपुरे राहिले आहे काय? असल्यास एंटर वा एस्केप.
२. एखादी निवड शिल्लक आहे काय? फोटोशॉपमध्ये कंट्रोल व ‘डी’, गिंपमध्ये कंट्रोल, शिफ्ट व ‘ए’ यांनी ती रद्द होते.
३. कोणता थर सक्रिय आहे, आणि चित्र सक्रिय आहे की मास्क?
४. कुंचल्याचा मिश्रणमोड व अपारदर्शकता किती आहे?
५. फाइलचा रंगमोड कोणता आहे?

मूल्यमापनातही याला स्थान देता येईल. मुद्दाम एखादी अवस्था बदललेली फाइल देऊन ‘कुंचला का चालत नाही?’ असा प्रश्न विचारल्यास पाठांतरापलीकडील आकलन तपासता येते.

९. समारोप

साधनांची संख्या पाहता छायाचित्र-संपादन सॉफ्टवेअर मोडविरहित होणे संभवत नाही, आणि तसा आग्रहही योग्य ठरणार नाही. दोष अवस्था असण्यात नाही. ती नजरेआड राहण्यात आहे. रचनाकाराने अवस्था वापरकर्त्याच्या हाताला वा नजरेच्या केंद्राला जाणवू द्यावी, आणि शिक्षकाने ‘काय दाबले?’ या प्रश्नाआधी ‘तेव्हा अवस्था कोणती होती?’ हा प्रश्न विचारावा. त्यामुळे विद्यार्थ्याला चुकीचा शोध घेण्याची रीत मिळते, आणि सॉफ्टवेअरच्या उणिवेचा ठपका तो स्वतःच्या बुद्धीवर ठेवीत नाही.